संयुक्त मानापमान: त्या रात्री कोण भारी ठरलं?

संगीत नाटकाचा विषय निघाला की आपली गाडी बालगंधर्वांपाशी सुरू होते आणि तिथेच थांबते. मला मात्र ८ जुलै १९२१ या तारखेचं भयंकर कुतूहल आहे. टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत 'संयुक्त मानापमान' झालं ती ही तारीख. भामिनी बालगंधर्व, धैर्यधर केशवराव भोसले. म्हणजे गंधर्व आणि ललितकलादर्श या दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे मालक एकाच रंगमंचावर! आमच्या भाषेत, एकाच सर्व्हरवर दोन सिस्टिम्सची बेंचमार्क टेस्ट.

नाटक खाडिलकरांचं, चाली गोविंदराव टेंब्यांच्या, १९११ पासून गाजत असलेलं. भामिनी तर बालगंधर्वांचीच. म्हणजे केशवराव परक्या मैदानावर खेळत होते.

या प्रयोगाच्या स्तुतीत शब्द कसे वाटले गेलेत ते बघा. बालगंधर्वांच्या वाट्याला गोडवा, लडिवाळपणा, लयीवरची पकड. केशवरावांच्या वाट्याला तडफ, जोरकस ताना, चढा पल्लेदार आवाज. यात गंमत अशी, की केशवराव लहानपणी 'शारदा' म्हणून गाजले होते! स्त्री भूमिकेतल्या यशावरून पुरुष भूमिकेत येऊन तिथेही टिकणं ही साधी गोष्ट नाही.

त्यात माइक नाही. चाकणला शॉपफ्लोअरवर आमचं सॉफ्टवेअर बसवताना दहा फुटांवरच्या माणसाला हाक मारून माझा घसा बसतो. इथे शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचवायचा, तोही सुरात, आणि वन्स मोअर आला की पुन्हा! त्यामुळे 'आवाजाचा पल्ला' ही मला नुसती अलंकारिक दाद वाटत नाही, ते मोजमाप आहे. ऑपेराचे समीक्षकही आधी हेच बघतात, आवाज ऑर्केस्ट्रावरून पार जातो की नाही.

मग जिंकलं कोण? जुने रसिक यावर आयुष्यभर भांडले. माझं मत विचाराल तर त्या रात्रीपुरते केशवराव. पण ४ ऑक्टोबर १९२१ ला, म्हणजे जेमतेम तीन महिन्यांत, ते गेले. वय अवघं ३१. बालगंधर्व १९६७ पर्यंत जगले, त्यांच्या ध्वनिमुद्रिका घराघरात वाजल्या. आज आपण यूट्यूबवर ऐकून त्यांचं कौतुक पडताळून पाहू शकतो. केशवरावांचं बरंचसं कौतुक मात्र ऐकणाऱ्यांच्या शब्दावरच मानून घ्यावं लागतं. ही तुलना आता बरोबरीची राहिलेलीच नाही.

पुण्यात १९६८ साली बालगंधर्व रंगमंदिर झालं. कोल्हापूरला शाहू महाराजांनी बांधलेल्या नाट्यगृहाला केशवरावांचं नाव आहे. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते आगीत भस्मसात झालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती.