लालपरी शेवटी मोडीतच का जाते?

ऐकण्यापेक्षा वाचणं पसंत करणाऱ्यांसाठी आजच्या एपिसोडचा हा लेखी अवतार. विषय आहे जुन्या बस. फोटोतल्या नाहीत बरं का, चालत्या!

इंग्लंडमध्ये सॉल्झबरीच्या माळावर इंबर नावाचं एक गाव आहे. डिसेंबर १९४३मध्ये लष्कराने सैनिकांच्या सरावासाठी ते रिकामं करून घेतलं आणि गावकऱ्यांना परत काही जाता आलं नाही. पण २००९पासून दरवर्षी एक दिवस तिथे बस जातात, त्याही जपून ठेवलेल्या जुन्या, लंडनच्या लाल डबलडेकरसकट. बसप्रेमी त्या वेळापत्रकाप्रमाणे चालवतात. लोक तिकीट काढून बसतात आणि जमलेले पैसे तिथल्या चर्चला आणि इतर चांगल्या कामांना जातात. म्हणजे बस तिथे नुसती शोभेला उभी नसते, ती तिचं कामच करत असते.

आता आपल्याकडे या. १ जून १९४८ला पुणे-नगर मार्गावर पहिली एसटी धावली. तेव्हा महाराष्ट्र राज्य नव्हतं, मुंबई राज्य होतं. सुरुवातीच्या गाड्या बेडफर्डच्या. बॉडी लाकडी, सीट काथ्याच्या. आणि गंमत म्हणजे रंग लाल नव्हता! खाली निळा आणि टप चंदेरी. आपण जिला ‘लाल डबा’ म्हणून चिडवतो आणि ‘लालपरी’ म्हणून लाड करतो, ती जन्मली तेव्हा लाल नव्हतीच.

पुढे फोर्ड, शेवरोले, लेलँड, अल्बियन, स्टुडबेकर अशा कितीतरी कंपन्यांच्या गाड्या ताफ्यात आल्या. इतक्या प्रकारांचे सुटे भाग सांभाळायचे म्हणजे कार्यशाळेची परीक्षाच! म्हणून हळूहळू मोजकीच मॉडेल ठेवली गेली आणि दापोडीसारख्या स्वतःच्या कार्यशाळांत बॉडी बांधणं सुरू झालं. १९८२च्या दिल्लीतल्या आशियाई खेळांनंतर निमआराम गाड्या आल्या. खेळ संपले, पण ‘एशियाड’ हे नाव आपल्या तोंडी कायमचं बसलं. नाशिकच्या सीबीएसवर आजही एखादे काका निमआराम गाडीला एशियाडच म्हणतील.

मग या सगळ्या गाड्या गेल्या कुठे? बहुतेक भंगारात. यात कुणाचा दुष्टपणा नाही, हिशेब आहे. बस म्हणजे रोज कमावणारं जनावर. चासी थकेपर्यंत पळवायची, बॉडी बदलून पुन्हा पळवायची आणि शेवटी लिलावात काढायची. हौसेच्या मोटारीला गॅरेज असतं, मालक असतो. बस ठेवायला आगारातली जागा लागते, आणि त्या जागेवर दुसरी कमावती गाडी उभी राहू शकते.

त्यात नियमांची गंमत बघा. १ एप्रिल २०२३पासून सरकारच्या आणि सरकारी परिवहन महामंडळांच्या १५ वर्षांहून जुन्या गाड्यांची नोंदणी पुढे चालू राहत नाही. दुसरीकडे, जुन्या वाहनांसाठी २०२१मध्ये ‘व्हिंटेज’ नोंदणीचा वेगळा नियम आला. त्याची अट ५० वर्षांची. शिवाय तो फक्त खासगी वापराच्या दुचाकी आणि मोटारींसाठी आहे. बस त्यात बसतच नाही! आमच्या कोडिंगच्या भाषेत सांगायचं तर दोन्ही कंडिशन तपासल्या, तरी बससाठी उत्तर एकच येतं: भंगार.

मुंबईत १५ सप्टेंबर २०२३ला बेस्टची शेवटची साधी, डिझेलवरची डबलडेकर धावली. १९३७पासून मुंबईकरांच्या सवयीची झालेली ही गाडी. निरोपाला बसप्रेमींनी तिला फुलांनी सजवलं. निदान एक-दोन गाड्या तरी संग्रहालयासाठी ठेवा, अशी मागणीही झाली. म्हणजे हौस आपल्याकडेही आहे. ‘बस फॉर अस फाउंडेशन’च्या मंडळींनी तर एसटीच्याच बसमध्ये ‘वारी लालपरीची’ हे फिरतं प्रदर्शन मांडलं. त्यात जुन्या गाड्यांच्या छोट्या, देखण्या प्रतिकृती होत्या.

पण प्रतिकृतीला इंजिनाची घरघर नसते. घाटात दुसऱ्या गिअरला बदलणारा आवाज, खिडकीच्या पत्र्याची थरथर, कंडक्टरच्या पंचची टिकटिक हे सगळं गाडी चालली तरच कळतं. आणि गाडीसोबत एक कसबही जातं. पॉवर स्टिअरिंग नसलेली बस वळणावर कशी घ्यायची, हे पुस्तकात वाचून येत नाही. ज्यांच्या हातात ते आहे, ते चालक आणि मेकॅनिक आज निवृत्त होताहेत. गाडी पुढेमागे पुन्हा बांधता येईल, हे हात कुठून आणणार?

एसटीला स्वतःच्या इतिहासाची जाण नाही असं मुळीच नाही. १ जून २०२२ला पहिली इलेक्ट्रिक ‘शिवाई’ मुद्दाम पुणे-नगर मार्गावरच सोडली होती. तर मग एवढंच करूया: प्रत्येक विभागाने मोडीत निघणाऱ्यांपैकी एक गाडी राखून ठेवावी आणि केंद्राने व्हिंटेजच्या व्याख्येत बसला जागा द्यावी. १ जूनला नाशिकहून त्र्यंबकपर्यंत, जेमतेम २८ किलोमीटर, ती गाडी चालवावी. तिकीट फाडून, डबल बेल देऊन! पहिल्या सीटसाठी खिडकीतून रुमाल टाकायला आम्ही तयार आहोत.

तुमच्या गावच्या मुक्कामी एसटीची आठवण असेल तर नक्की कळवा. पुढच्या एपिसोडमध्ये भेटूच!