'व्हेटो' : शब्द, अर्थ आणि रूढ व्यवहार

लॅटिन भाषेत 'व्हेटो' हे नाम नव्हे, क्रियापद आहे. प्रथमपुरुषी, एकवचनी आणि वर्तमानकाळी. 'मी मनाई करतो' एवढाच त्याचा अर्थ. पुढे युरोपीय भाषांत त्याचे नाम झाले आणि मराठीने 'नकाराधिकार' हा प्रतिशब्द स्वीकारून त्यास अधिकाराच्या कोटीत बसविले. या स्थित्यंतरात मूळ अर्थाचा जो अंश गळून पडला, तो ध्यानात घेतल्यावाचून आजच्या वापरातील घोटाळा उलगडत नाही.

रोमन प्रजासत्ताकात सामान्य जनांचे कैवारी म्हणून निवडले जाणारे ट्रिब्यून ही मनाई करीत. तिचे रोमन नाव मात्र 'इंटरसेसिओ', म्हणजे मध्ये येणे. मराठीतील 'आडवे येणे' हा प्रयोग त्याच्या अगदी जवळचा होय. ट्रिब्यूनास जातीने हजर राहूनच आडवे यावे लागे. इ. स. पू. १३३ मध्ये टायबेरियस ग्रॅकसचा जमीनवाटपाचा कायदा त्याचाच सहकारी ट्रिब्यून मार्कस ऑक्टेव्हियस याने असा रोखला. लोकसभा कायद्यास अनुकूल होती, परंतु निषेध ओलांडण्याचा मार्ग नव्हता. तेव्हा ग्रॅकसने सभेच्या मताने ऑक्टेव्हियसलाच पदच्युत केले. शब्द परत घेववेना, म्हणून बोलणारास दूर करावे लागले.

जेथे बहुमत सिद्ध आहे तेथेच आडवे येण्यास अर्थ असतो, हे या प्रसंगाचे मर्म होय. पोलंडच्या संसदेत १६५२ पासून एकट्या सभासदाच्या नकाराने अधिवेशनेच्या अधिवेशने वाया गेली, ती याच कारणाने; १७९१ च्या राज्यघटनेने ती प्रथा बंद केली.

गंमत अशी की, ज्या आधुनिक संहितांशी हा शब्द निगडित मानला जातो, त्यांत तो आढळतच नाही. अमेरिकेची १७८७ ची राज्यघटना अध्यक्षाने विधेयक आक्षेपांसह परत पाठवावे एवढेच सांगते. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचे २७ वे कलम कार्यपद्धतीव्यतिरिक्त अन्य निर्णयांस कायम सभासदांच्या सहमतीची मते आवश्यक ठरविते. जून १९५० मध्ये कोरियाविषयक ठराव संमत झाले तेव्हा सोव्हिएट प्रतिनिधी बहिष्कारामुळे सुरक्षा समितीत नव्हता, आणि त्याची अनुपस्थिती नकार मानली गेली नाही. रोमन नियमाची येथे आठवण व्हावी.

रूढ बोलण्यात मात्र कोणताही जोरकस नकार 'व्हेटो' ठरतो. घरातील सर्वांना नकोसा असलेला बेत वडिलांनी मोडला, तरी त्यांनी 'व्हेटो केला' असे म्हटले जाते. वस्तुतः ती केवळ नापसंती होय. गोव्याच्या प्रश्नावर १८ डिसेंबर १९६१ रोजी सुरक्षा समितीत जे घडले, त्यावरून हा भेद स्पष्ट होतो. समितीचे सभासद तेव्हा ११ होते आणि संमतीस ७ मते लागत. युद्धबंदी व भारतीय सैन्याची माघार यांची मागणी करणाऱ्या ठरावास नेमकी ७ मते पडली. विरुद्ध ४, त्यांत सोव्हिएट संघाचे एक. ठराव पडला तो त्या एका मताने. सिलोन, लायबेरिया व संयुक्त अरब प्रजासत्ताक यांनी भारतास अनुकूल असा दुसरा ठराव मांडला होता. त्यास ४ मते मिळाली, विरुद्ध ७; अमेरिका, ब्रिटन व फ्रान्स ही कायम सभासद राष्ट्रेही विरोधात होती. तरीही त्यास व्हेटो म्हणता येत नाही. कारण अडविण्यासारखे बहुमत तेथे नव्हतेच.