पटवर्धन, सुधीर

(१९४९– ). मुंबई-ठाणे परिसरातील कष्टकऱ्यांचे जीवन रंगवणारे भारतीय चित्रकार. जन्म पुण्याचा. पुण्याच्याच सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयातून १९७२ मध्ये ते डॉक्टर झाले. चित्रकला मात्र ते कलाशाळेत न जाता स्वतःच शिकले. १९७३ मध्ये ते मुंबईत आले. १९७५ ते २००५ अशी तीस वर्षे त्यांनी ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम केले आणि त्याच काळात आपली बहुतेक महत्त्वाची चित्रे काढली.

तरुणपणी त्यांच्यावर मार्क्सवादी विचारांचा खोल ठसा उमटला. ‘इराणी रेस्टॉरंट’ (१९७७), ‘ट्रेन’ (१९८०), ‘ओव्हरब्रिज’ (१९८१) या चित्रांत लोकलने कामावर जाणारी, पुलावर थबकलेली, हॉटेलात क्षणभर टेकलेली माणसे भेटतात. त्यांची शरीरे भरीव, जड आहेत. श्रमाची खूण अंगावर असली तरी ती केविलवाणी वाटत नाहीत. ज्यांना पाहून चित्र सुचले त्यांना त्यात आपले रूप दिसावे, अशी पटवर्धनांची धारणा. मुंबईत अमूर्त चित्रकलेचा दबदबा असतानाही त्यांनी मानवाकृती सोडली नाही, ती या धारणेमुळेच.

पहिले एकल प्रदर्शन इब्राहिम अल्काझी यांच्या ‘आर्ट हेरिटेज’ने १९७९ मध्ये दिल्लीत भरवले. १९८१ च्या ‘प्लेस फॉर पीपल’ या गाजलेल्या प्रदर्शनात भूपेन खक्कर, गुलाममोहम्मद शेख, नलिनी मलानी, विवान सुंदरम, जोगेन चौधरी यांच्यासह त्यांचा सहभाग होता. पुढे चित्रांचा आवाका वाढला. एकेकट्या माणसाभोवती नाले, टेकड्या, चाळी, रेल्वेमार्ग असा सगळा परिसर उभा राहू लागला. मुंबईच्या दंगलींनंतर त्यांनी ‘रायट’ (१९९६) रंगवले. कष्टकऱ्यांच्या एकजुटीवरचा विश्वास हादरल्याची वेदना त्यात आहे. ‘लोअर परळ’ (२००१) मध्ये गिरणगावाचा पालटता चेहरा आहे, तर ‘मुंबई प्रॉव्हर्ब्स’ (२०१४) या सात भागांच्या चित्रात शहराचा इतिहास.

समकालीन कला महानगरांबाहेर पोहोचावी म्हणून त्यांनी ‘विस्तारणारी क्षितिजे’ हे फिरते प्रदर्शन महाराष्ट्रातील शहरांत नेले. त्यांच्या चित्रांइतकेच हे कार्य मोलाचे मानले पाहिजे. २०१९ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांचे सिंहावलोकनी प्रदर्शन भरले. त्याचे संयोजन नॅन्सी अदजानिया यांनी केले होते.