पै-पैशाने विकत घेतलेला पर्वत

आपल्याकडे आश्विन सरत येतो, पावसाने धुतलेले आकाश स्वच्छ होते आणि घराघरांतून फराळाचा वास सुटू लागतो, त्याच दिवसांत अमेरिकेच्या आग्नेय भागातील एका पर्वतावर रंगांचा मोठा उत्सव चाललेला असतो. टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलायना या दोन राज्यांच्या सीमेवर पसरलेल्या या पर्वताचे नाव ग्रेट स्मोकी माउंटन्स. त्याच्या दऱ्यांतून निळसर धुके सतत तरंगत असते, म्हणून हे धुराचे नाव. आपण त्याला धूम्रगिरी म्हणू या.

सप्टेंबरच्या मध्यास शिखरांजवळचे बर्च आणि बीच वृक्ष पिवळे पडू लागतात. मग तो रंग दिवसादिवसाने खाली उतरत येतो आणि ऑक्टोबरच्या अखेरीस मेपल, ओक, हिकरी यांनी पायथ्याच्या दऱ्या तांबड्या-केशरी होऊन जातात. हा सोहळा पाहावयास माणसांची रीघ लागते. अलीकडच्या वर्षांत या राष्ट्रीय उद्यानास दरसाल सव्वा कोटीच्या आसपास भेटी होतात. अमेरिकेतील दुसऱ्या कोणत्याही राष्ट्रीय उद्यानाला एवढी गर्दी होत नाही. आणि नवल असे की, येथे आत शिरावयास एक पैचेही तिकीट नाही! २०२३ सालापासून गाडी थोडा वेळ उभी करण्यापलीकडे ठेवावयाची झाल्यास आकार द्यावा लागतो. परंतु प्रवेश मोफतच राहिला आहे.

असे का? याचे उत्तर या उद्यानाच्या जन्मकथेत आहे.

अमेरिकेच्या पश्चिमेकडील यलोस्टोनसारखी जुनी राष्ट्रीय उद्याने मुख्यतः सरकारी जमिनींतून निर्माण झाली. राष्ट्राध्यक्षांनी सही केली की उद्यान झाले. धूम्रगिरीची गोष्ट निराळी होती. येथील इंच न् इंच जमीन कोणा ना कोणाच्या मालकीची होती. मोठमोठे पट्टे लाकूड कंपन्यांकडे होते. त्यांची कुऱ्हाड आणि वाफेची यंत्रे विसाव्या शतकाच्या आरंभापासून अरण्य साफ करीत चालली होती. उरलेल्या दऱ्याखोऱ्यांतून हजाराहून अधिक शेतकरी कुटुंबे पिढ्यान् पिढ्या नांदत होती. शिवाय उद्यानासाठी खाजगी जमीन सरकारी पैशाने विकत घ्यावयाची नाही, असे केंद्र सरकारचे धोरण होते. लोकांनी जमीन घेऊन द्यावी, मग आम्ही ती सांभाळू, असा हा व्यवहार!

लोकांनी तो मान्य केला. १९२३ साली नॉक्सव्हिल शहरातील अ‍ॅन डेव्हिस आणि त्यांचे पती विलिस डेव्हिस पश्चिमेकडील उद्याने पाहून आले. आपल्या डोंगरांत असे उद्यान का असू नये, हा प्रश्न बाईंनी काढला आणि तेवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. त्या निवडणुकीस उभ्या राहिल्या, टेनेसीच्या विधिमंडळात गेल्या आणि एका लाकूड कंपनीची पाऊण लाख एकरांहून अधिक जमीन राज्याने विकत घ्यावी, यासाठी तेथे झगडल्या. नॉर्थ कॅरोलायनाच्या बाजूस होरेस केफार्ट नावाचा एक ग्रंथपाल होता. संसार आणि नोकरी मागे टाकून १९०४ साली तो या डोंगरांत आला आणि येथल्या माणसांवर त्याने ग्रंथ लिहिला. त्याचा जोडीदार जॉर्ज मासा हा जपानहून आलेला छायाचित्रकार. जड कॅमेरा पाठीवर घेऊन तो शिखरे चढे. त्याची छायाचित्रे आणि केफार्टचे लेख यांनी शहरांतील माणसांना हे अरण्य दाखविले. केफार्ट १९३१ साली मोटारीच्या अपघातात वारला, मासा १९३३ साली गरिबीतच गेला. उद्यान झालेले दोघांनीही पाहिले नाही. आज तेथील एक शिखर केफार्टच्या नावाचे आहे आणि शेजारचा सुळका मासाच्या.

दोन्ही राज्यांच्या विधिमंडळांनी पैसा मंजूर केला. श्रीमंतांनी दिला, दुकानदारांनी दिला. पण मास्तरकी करणाऱ्या माणसाला विशेष वाटते ते शाळांतील मुलांचे. मुलांनी खाऊच्या पैशांतून सेंट-सेंट जमवून वर्गावर्गांतून निधी गोळा केला. तरीही रक्कम अपुरीच पडत होती. तेव्हा १९२८ साली जॉन रॉकफेलर यांनी आपल्या आईच्या स्मरणार्थ पन्नास लाख डॉलर देऊ केले. उरलेली तूट पुढे केंद्र सरकारलाच भरावी लागली. १९३४ साली उद्यान झाले आणि २ सप्टेंबर १९४० रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी न्यूफाउंड गॅप या खिंडीत त्याचे लोकार्पण केले. टेनेसीने १९५१ साली उद्यानातून जाणारा आपला रस्ता केंद्र सरकारच्या हवाली केला तेव्हा, या वाटेवर कधीही जकात घ्यावयाची नाही, अशी अट घातली. मोफत प्रवेशाचे मूळ या कागदात आहे.

येथवरची कथा गोड आहे. परंतु पर्वताची किंमत केवळ पैशांत चुकती झालेली नाही.

केड्स कोव्ह नावाच्या रम्य खोऱ्यात जॉन ऑलिव्हर राहत असत. टपाल वाटणारे, धर्मोपदेशक आणि कसलेले शेतकरी. त्यांचे पणजोबा या खोऱ्यातील पहिले गोरे वसाहतवाले. उद्यानामुळे कोणाचे घर जाणार नाही, असे आरंभी पुढाऱ्यांनी लोकांना सांगितले होते. मग नोटिसा आल्या. ऑलिव्हर कोर्टात गेले, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढले आणि हरले. १९३७ साली त्यांनी खोरे सोडले. लिटल ग्रीनब्रायर येथील वॉकर भगिनी तेवढ्या हटल्या नाहीत. त्यांनी जमीन विकली. पण मरेपर्यंत राहण्याचा हक्क लिहून घेतला. स्वतः पिकवावे, स्वतः सूत कातावे, असा त्यांचा जुना संसार चालू राहिला. त्यांतील शेवटची लुइझा १९६४ साली वारली. पुढे फोंटाना धरणाच्या पाण्याने वाट बुडाल्यामुळे उत्तर तीरावरील कबरस्ताने तुटली. सरकारने कबूल केलेला रस्ता थोडासा होऊन थांबला. गावच्या पूर्वजांना फुले वाहण्यासाठी वारसांना ठरलेल्या दिवशी नावेने जावे लागते. धरणाखाली गाव गेलेल्या मराठी माणसाला यातील दुःख समजावून सांगावयास नको.

आणि या गोऱ्या शेतकऱ्यांच्याही आधी हा पर्वत चेरोकी लोकांचा होता. १८३८ साली सैन्याने त्यांतील बहुतेकांना पश्चिमेकडे हाकलून नेले. वाटेत हजारो माणसे मेली. जे मागे राहिले त्यांचे वंशज आजही उद्यानाच्या दक्षिण दाराशी राहतात. पर्वताचे ६,६४३ फूट उंचीचे सर्वोच्च शिखर दीर्घकाळ क्लिंगमन नावाच्या एका राजकारण्याच्या नावाने ओळखले जाई. चेरोकींच्या मागणीवरून सप्टेंबर २०२४ मध्ये त्याला त्याचे मूळ नाव परत मिळाले : कुवोही, म्हणजे तुतीच्या झाडांची जागा.

म्हणजे या पर्वताचे धनको दोन प्रकारचे. काहींनी पैसा दिला, काहींकडून घर घेतले गेले. दोघांचेही ऋण आजच्या उद्यानप्रेमींवर आहे, आणि शरदातील त्यांची लगबग पाहिली म्हणजे त्या ऋणाची जाणीव काहींना तरी आहे असे वाटते. १९९३ साली स्थापन झालेली ‘फ्रेंड्स ऑफ द स्मोकीज’ ही संस्था उद्यानासाठी निधी जमविते. मोटारीच्या खास नंबरपाट्यांतूनही तिला पैसा मिळतो. कॅटलूचीच्या खोऱ्यात २००१ आणि २००२ साली मिळून बावन्न एल्क आणून सोडले. सांबराच्या जातीचे हे मोठे हरिण, शिकारीपायी या भागातून दोनशे वर्षांपूर्वीच नाहीसे झालेले. आता शरदात त्यांच्या नरांची शीळ दरीत घुमते, आणि माणसांनी फार जवळ जाऊ नये म्हणून स्वयंसेवक कुरणाच्या कडेला उभे राहून सांगत असतात. सप्टेंबर २०२४ च्या वादळाने याच खोऱ्यातील रस्ते उखडून नेले, तेव्हा दुरुस्तीचे कष्टही आले.

२०१३ सालच्या ऑक्टोबरात तर जुना इतिहासच पुन्हा घडला. अंदाजपत्रकाच्या भांडणात केंद्र सरकारचे काम थांबले आणि रंगांच्या ऐन भरात उद्यानाला कुलूप लागले. शेवटी राज्यांनी आणि पायथ्याच्या एका काउंटीने पदरचे पैसे भरून १६ ऑक्टोबरला दारे उघडून घेतली. ज्यांच्या आजोबांनी वर्गणी काढली होती, त्यांच्या नातवंडांना पुन्हा वर्गणी काढणे फारसे नवे वाटले नसावे.

मोफत मिळालेल्या वस्तूची किंमत राहत नाही, असे आपण म्हणतो. येथे मोफत काहीच मिळालेले नाही. पाहुण्याने द्यावयाची किंमत आधीच कोणीतरी देऊन ठेवलेली आहे : एखाद्या मुलाने खाऊचा सेंट देऊन, एखाद्या म्हाताऱ्याने उंबरठा सोडून.