तुमचा गेम नेमका कुठे गळतो?

आजचा भाग गोल्फवर आहे. थांबा, लगेच पुढे सरकवू नका. आयुष्यात गोल्फची काठी हातात धरली नसेल तरी चालेल, कारण आजचा प्रश्न मोजमापाचा आहे. हौशी खेळाडूला आपण चांगले की वाईट हे पूर्वीपासून कळत होतं. पण नेमके कशात वाईट, हे कळायला एकविसावं शतक का उजाडावं लागलं?

आधी खेळ थोडक्यात. १८ होल, प्रत्येकात कमीत कमी फटक्यांत चेंडू घालायचा. पहिला लांब फटका म्हणजे ड्राइव्ह. ग्रीनच्या दिशेने मारलेला तो अप्रोच, ग्रीनजवळून अलगद उचलून टाकलेली ती चिप, आणि ग्रीनवर घरंगळत नेला तो पट. प्रोफेशनल माणूस सत्तरच्या आसपास संपवतो. हौशी माणसाला ९०-१०० लागणं अगदी नॉर्मल.

हौशींना पहिलं मोजमाप मिळालं ते हँडिकॅपचं. कच्च्या खेळाडूला काही फटक्यांची सूट द्यायची, म्हणजे तो पक्क्याबरोबर बरोबरीने खेळू शकेल. ब्रिटनमधल्या क्लबांत ही पद्धत एकोणिसाव्या शतकातच रुळली होती. २०२० पासून जगभर एकच पद्धत आली: शेवटच्या २० फेऱ्यांपैकी सगळ्यात चांगल्या ८ धरायच्या, मैदान किती अवघड ते हिशेबात घ्यायचं आणि सरासरी काढायची. उत्तम सिस्टीम आहे. पण हँडिकॅप म्हणजे थर्मामीटर. ताप किती ते सांगतो, आजार कुठला ते नाही.

मग लोक काय करायचे? मोजायचे. किती ड्राइव्ह सरळ गेले, किती ग्रीन वेळेत गाठल्या, एकूण पट किती लागले. इथेच खरी गंमत आहे. समजा, एक जण प्रत्येक ग्रीन लांबून गाठतो, पण चेंडू होलपासून चाळीस फुटांवर थांबतो. त्याला दोन-दोन पट लागणारच. दुसऱ्याचा अप्रोच दर वेळी ग्रीनबाहेर पडतो. तो तिथून चिप करून चेंडू तीन फुटांवर आणतो आणि एका पटमध्ये संपवतो. कागदावर दुसरा भारी पटर दिसतो! खरं तर त्याचा अप्रोच गंडलेला आहे आणि आकडा त्याची पाठ थोपटतोय.

त्यात आपली आठवण. तीन फुटांवरून हुकलेला पट रात्री झोपताना आठवतो. अप्रोच वीस यार्ड कमी पडला, हे दुसऱ्या होलपर्यंत विसरायला होतं. ‘ड्राइव्ह दाखवायला, पट कमवायला’ अशा अर्थाची एक जुनी म्हण गोल्फमध्ये आहे. दक्षिण आफ्रिकेच्या बॉबी लॉकच्या नावावर ती सांगतात. पिढ्यान् पिढ्या हौशी लोक तीच म्हण धरून रविवारची सकाळ पटिंगमध्ये घालवत आले.

हे तपासायचा पहिला गंभीर प्रयत्न ब्रिटनमध्ये झाला. कॉक्रन आणि स्टॉब्स यांचं पुस्तक १९६८ साली आलं. त्यामागच्या संशोधनात १९६४ च्या एका मोठ्या स्पर्धेतल्या फटक्यांच्या नोंदी होत्या. लांबचे अप्रोच निर्णायक ठरतात, हे तेव्हाच दिसलं होतं. पण एका स्पर्धेचा डेटा तो केवढा?

पुढे अमेरिकेच्या पीजीए टूरने शॉटलिंक आणलं. मैदानावर लेसर घेऊन स्वयंसेवक उभे, आणि प्रत्येक फटका कुठून कुठे गेला याची नोंद. हा डेटा मिळाला कोलंबिया विद्यापीठातल्या मार्क ब्रॉडी यांना. माणूस फायनान्सचा प्राध्यापक. हौशी खेळाडूंचे फटके तर ते आधीपासूनच जमवत होते.

ब्रॉडींची युक्ती आपल्या डायनॅमिक प्रोग्रॅमिंगच्या घरातलीच. प्रत्येक जागेला एक किंमत द्यायची: इथून संपवायला सरासरी किती फटके लागतात? टूरवरच्या खेळाडूला आठ फुटांवरून साधारण दीड पट लागतो. एकात घातला तर अर्धा फटका कमावला, दोन लागले तर अर्धा गमावला. तेहतीस फुटांवरून सरासरीच दोन. तिथून दोन लागले तर हिशेब शून्य, रडायचं काही कारण नाही. ड्राइव्हलाही तेच माप आणि चिपलाही. पहिल्यांदाच सगळे फटके एका तराजूत आले. २०११ मध्ये टूरने पटिंगसाठी हे माप अधिकृतपणे घेतलं.

निकाल? चांगल्या आणि साधारण खेळाडूमधला सुमारे दोनतृतीयांश फरक शंभर यार्डांपलीकडच्या फटक्यांतून येतो. पटिंगचा वाटा साधारण १५ टक्के. टायगर वुड्सची सगळ्यात मोठी आघाडीसुद्धा अप्रोचमधून आलेली निघाली, पटिंगमधून नाही. आणि हौशींमध्येही चित्र जवळपास असंच. शंभरवाला आणि नव्वदवाला यांच्यातलं अंतर मुख्यतः लांबच्या खेळात असतं.

म्हणजे पटिंग सोडून द्या? अजिबात नाही. हे सरासरीचं चित्र आहे, तुमचं वेगळं असू शकतं. कोड स्लो झाला की आपण आधी प्रोफायलर लावतो, अंदाजाने एखादा लूप सुधारत बसत नाही. तसंच हे. आता सेन्सर आणि फोनवरची अ‍ॅप हा हिशेब आपोआप करतात. फक्त तुलना कोणाशी चालली आहे ते बघा. टूरवाल्यांशी केली तर प्रत्येक रकान्यात उणे दिसणार आणि त्यातून काहीच कळणार नाही. तुमच्यापेक्षा पाच फटक्यांनी बऱ्या असलेल्या खेळाडूशी करा. आणि एका फेरीवर जाऊ नका, पटिंगमध्ये नशीब फार खेळतं. निदान आठ-दहा फेऱ्या होऊ द्या.

अ‍ॅप नको असेल तर वही चालेल. प्रत्येक फटक्याआधी अंतर आणि चेंडू कुठे पडलाय, एवढंच लिहायचं. मैदानाबाहेर मारलेले चेंडू मात्र वेगळ्या रकान्यात मांडा. तिथे एका चुकीला दोन फटके जातात, आणि लोक नेमकं तेच ‘आज जरा नशीब नव्हतं’ म्हणून सोडून देतात.