तळटीप : खडीची वाघीण
१२. डॉगफिश : ब्रिटिश रेल्वेची चारचाकी, २४ टनी खडीची वाघीण. रूळदुरुस्तीच्या वाघिणींना तिथे माशांची सांकेतिक नावे असत. वाघिणीच्या टोकाशी असलेल्या छोट्या मचाणावर उभा राहून कामगार हातचाके फिरवतो. तळाची दारे उघडतात आणि खडी रुळांमध्ये किंवा कडेला पडते. ‘शार्क’ या ब्रेकव्हॅनचे नांगर ती सारखी पसरवतात. सेव्हर्न व्हॅलीसारख्या इंग्लंडमधील वारसा रेल्वेमार्गांनी या वाघिणी जपल्या, त्या केवळ प्रदर्शनासाठी नव्हेत. पाण्याचा निचरा व्हावा, स्लीपर जागचे हलू नयेत, यासाठी खडीची भर घालावीच लागते. वाफेच्या इंजिनांइतकाच मान या वाघिणींनाही मिळायला हवा. त्यांच्यावाचून हे वारसा मार्ग चालू राहणार नाहीत.