मापानुसार पोशाख : बेतण्यापासून अखेरच्या फिटिंगपर्यंत

तयार कपड्यांच्या दुकानात पोशाख आधी असतो आणि अंग त्यात बसवावे लागते. मापानुसार शिवलेल्या पोशाखात हा क्रम उलटा होतो. लग्नसमारंभ, साखरपुडा किंवा नाताळ अशा प्रसंगासाठी स्वतंत्रपणे काम करणाऱ्या कारागिराकडून खास पोशाख शिवून घेण्याची रीत गोव्यात आजही टिकून आहे. मात्र या व्यवहारात ग्राहक तयार वस्तू विकत घेत नसतो. कारागिराचे कौशल्य आणि वेळ यांचे मोल तो वस्तू दिसण्याआधीच देत असतो. पोशाख बिघडला तर पैसे कदाचित परत मिळतील, पण तो दिवस परत येत नाही. त्यामुळे या कामाचे टप्पे ग्राहकालाही ठाऊक असणे हिताचे ठरते.

संज्ञा आणि परंपरा

आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या ‘कुत्यूर’ या शब्दाचा मूळ फ्रेंच अर्थ केवळ ‘शिवणकाम’ असा आहे. चार्ल्स फ्रेडरिक वर्थ या इंग्रज कारागिराने १८५८ मध्ये पॅरिस येथे आपली पेढी उघडली. ग्राहकाने सांगावे आणि शिंप्याने शिवावे, ही प्रथा बदलून त्याने स्वतःच्या कल्पनेतील पोशाख ग्राहकांपुढे ठेवले आणि त्यांवर आपल्या नावाची पट्टी शिवली. ‘ओत कुत्यूर’ या संज्ञेला फ्रान्समध्ये १९४५ पासून कायद्याचे संरक्षण आहे. पॅरिसमध्ये कार्यशाळा असणे आणि ग्राहकाच्या मापानुसार फिटिंग घेऊन पोशाख शिवणे, अशा अटी पूर्ण करणाऱ्या पेढ्यांनाच ती वापरता येते. त्यामुळे अन्यत्र शिवलेला पोशाख कितीही उत्तम असला तरी काटेकोर अर्थाने तो ‘मापानुसार शिवलेला’ एवढाच म्हणता येतो. त्यात कमीपणा काहीच नाही.

गोव्याला या कलेची स्वतःची ओळख आहे. शिंप्यासाठी पोर्तुगीज भाषेतील ‘आल्फायात’ हा शब्द येथे परिचित आहे. कोलवाळ येथे राहून काम करणारे वेशभूषाकार वेंडेल रॉड्रिक्स (१९६०–२०२०) यांनी गोव्याच्या वेशभूषेचा इतिहास ‘मोदा गोवा’ या २०१२ मधील ग्रंथात मांडला. त्यांना २०१४ मध्ये पद्मश्री देण्यात आली होती.

सुरुवात केव्हा करावी

चतुर्थीपासून नाताळापर्यंत शिंप्यांकडे कामाची रीघ असते. तुळशीविवाहानंतर लग्नसराईची त्यात भर पडते. ख्रिस्ती समाजातील अनेक विवाह नाताळानंतर किंवा ईस्टरनंतर होतात. भरजरी किंवा हातकामाच्या पोशाखासाठी किमान तीन महिने हाती असावेत. पहिल्या भेटीत कारागिराचे जुने काम उलटे करून, म्हणजे आतल्या बाजूने, पाहावे. शिवणीच्या कडा, अस्तर आणि काजे यांवरून हाताची सफाई कळते. तयार नमुन्यात फेरफार होणार की ग्राहकाच्या अंगाचा स्वतंत्र नमुना काढला जाणार, हेही विचारावे. दोहोंच्या मजुरीत मोठा फरक असतो.

कापड

आधी कापड घेऊन मग शिंपी शोधणे ही नेहमीची चूक आहे. किती कापड लागेल हे पन्ह्यावर अवलंबून असते. मखमल किंवा एकाच दिशेची नक्षी असेल तर सर्व तुकडे एकाच दिशेने बेतावे लागतात आणि कापड जास्त लागते. उरेब बेतलेला घागरा अंगावर सुरेख पडतो, पण त्यातही कापड अधिक जाते. सुती कापड आटते, म्हणून ते बेतण्यापूर्वी पाण्यातून काढावे. छायाचित्रातील झगा जड रेशमाचा असेल, तर जॉर्जेटमध्ये तो तसाच दिसणार नाही. हे सांगणारा कारागीर अडवणूक करत नसतो, तर जबाबदारी ओळखत असतो.

मापे आणि फिटिंग

छाती, कंबर, खांदा, मुंढा, पाठीची उंची आणि बाही ही मापे देताना समारंभात घालायची अंतर्वस्त्रे आणि त्याच उंचीच्या टाचांची पादत्राणे घालावीत. एरवी झग्याचा घेर जमिनीला लागतो किंवा आखूड पडतो.

या कामाचा गाभा फिटिंगमध्ये असतो. महागड्या कापडाला कात्री लावण्यापूर्वी निपुण कारागीर मांजरपाटाचा नमुना शिवतो. एक खांदा उतरता असणे, पाठीला किंचित बाक असणे, अशा आकड्यांत न मावणाऱ्या गोष्टी या नमुन्यावर दिसतात. टाचण्या लावून त्या दुरुस्त केल्या जातात. दुसऱ्या फिटिंगला प्रत्यक्ष कापड कच्च्या धावदोऱ्याने जोडलेले असते, त्यामुळे ते सहज उसवता येते. ग्राहकाने केवळ आरशासमोर उभे राहू नये. बसून, वाकून आणि हात उंचावून पाहावे. जे टोचते किंवा ओढते ते तेथेच सांगावे. संकोचाने दाबून ठेवलेली तक्रार पुढे दोघांनाही महाग पडते. अखेरचे फिटिंग समारंभाच्या एक-दोन आठवडे आधी असावे.

मजुरी आणि लेखी नोंद

‘एवढीशी तर शिलाई’ असे म्हणत घासाघीस करण्यापूर्वी नमुना काढणे, फिटिंग, अस्तर, हातशिलाई आणि इस्त्री यांचे तास मोजून पाहावेत. ते तास गृहीत धरले नाहीत, तर मांजरपाटाचा नमुना आणि फिटिंग यांनाच पहिली कात्री लागते. पुढे पोशाख बिघडण्याचे मूळ बहुधा तेथेच असते.

दोन्ही बाजूंच्या हितासाठी एका कागदावर पुढील बाबी लिहून घ्याव्यात : रेखाचित्र, कापडाचे वर्णन व लांबी, एकूण रक्कम, विसार, फिटिंगच्या तारखा, पोशाख ताब्यात देण्याचा दिवस, ग्राहकाने मागाहून सुचवलेल्या बदलांचा खर्च आणि कापड खराब झाल्यास भरपाई. कापडाचे बिल आणि पैसे दिल्याची पावती जपून ठेवावी.

मोबदला घेऊन केलेले शिवणकाम ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवा ठरते. चर्चेने वाद न मिटल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत दाद मागता येते आणि दिलेली रक्कम पाच लाख रुपयांपर्यंत असल्यास तेथे शुल्क लागत नाही.

पोशाखाचे आयुष्य

शिवणीत भरपूर ‘माया’ सोडण्यास आवर्जून सांगावे. हे आत दुमडलेले जादा कापड असले, तर अंगात फरक पडला तरी पोशाख सैल करता येतो, किंवा तो धाकट्या बहिणीच्या मापाचा करून घेता येतो. गोव्याच्या दमट पावसाळ्यात रेशमावर बुरशी धरते. त्यामुळे पोशाख घामासह गुंडाळून ठेवू नये. तो स्वच्छ करून, पूर्ण वाळवून सुती कापडात ठेवावा आणि अधूनमधून घड्या बदलाव्यात. उरलेले कापड आणि काढलेला नमुना मागून घ्यावा, म्हणजे पुढच्या दुरुस्तीच्या वेळी तेच कापड आणि तीच मापे हाताशी राहतात.